नकाराचा पाव सेकंद

पूर्वी फोनच्या पडद्यावर तळाला तीन खुणा असायच्या: त्रिकोण, गोल आणि चौकोन. गोल दाबला की पहिल्या पानावर, चौकोन दाबला की उघडी टाकलेली सगळी पानं समोर, आणि त्रिकोण दाबला की एक पाऊल मागं. पुढं कंपन्यांनी त्या खुणा लपवल्या. पडदा मोकळा दिसतो, म्हणे. मीही काही मोर्चा काढला नाही. तीन वर्षं मला त्या त्रिकोणाची आठवणसुद्धा झाली नाही. झाली ती मे महिन्यातल्या एका दुपारी, भावाच्या घरी आमरसाचं जेवण झाल्यावर. तोवर वडिलांच्या जागेतला माझा साडेचार गुंठ्यांचा हिस्सा गेलेला होता.

मी जयमाला घाडगे, माहेरची खलाटे. डॉक्टर नाफड्यांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं ईसीजी काढते. लोकांच्या छातीवर चकत्या चिकटवायच्या, ‘हलू नका, बोलू नका’ म्हणायचं आणि कागदावर उमटलेल्या रेघा डॉक्टरांपुढं ठेवायच्या, हे माझं काम. माणूस तोंडानं काहीही सांगो, रेघ काय सांगते ते मला कळतं, अशी माझी जरा घमेंड आहे. या प्रकरणात ती आधी चांगली जिरली आणि नंतर तीच उपयोगाला आली.

फोन मला माझ्या धाकट्या भावानं, रणजितनं, भाऊबीजेला ओवाळणीत घातला होता. ‘सहज’ नावाचा. ‘बोट उचलायच्या आत काम’ अशी त्याची जाहिरात होती आणि ती थाप नव्हती. हाताला कणीक लागलेली असताना मी फोन नुसता मुठीत धरायची आणि लेकीला फोन लागायचा. वीजबिल भरायचं मनात आलं की भरलेलं असायचं. आमच्या ह्यांनी तर एकाच मुहूर्तावरच्या तीन लग्नांना ‘येतो’ म्हणून कळवलं होतं. तिन्ही पत्रिका बघताना त्यांच्या मनात पंगतच आली असणार.

हे कसं होतं ते मी नंतर हट्टानं समजून घेतलं. आपण अंगठा हलवतो, त्याआधीच मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते. हुकूम निघतो, नसांमधून खाली उतरतो आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, तिथं बारीकशी वीज खेळते. इतकी बारीक की अंगठा हललेला डोळ्यांना दिसतही नाही. ‘सहज’च्या चारही कडांना धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या ही वीज टिपतात. मग फोन आपल्या आठवणीत बघतो: या बाईच्या हातात अशी वीज खेळली, समोर असं पान होतं, जवळ असा आवाज होता, तेव्हा तिनं पुढं काय केलं? शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा एकच केलं असेल, तर तो अंगठ्याची वाट बघत बसत नाही. काम उरकून टाकतो. मागं जायचं असेल तर तेही त्याला आधीच कळतं, असं कंपनीचं म्हणणं. मग खुणा हव्यात कशाला?

आता जागेचं सांगते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मार्गशीर्षात गेले. त्यांची हमरस्त्याला लागून नऊ गुंठे जागा, तिच्यावर पिठाची गिरणी, पुढं रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली आणि मागं पत्र्याची शेड. आई आधीच गेलेली, त्यामुळं कायद्यानं त्यात निम्मं माझं. पण कायद्याच्या वर रीत असते. बाप गेला की बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, आणि माहेर शाबूत राहायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी सोडला. माझ्या नणंदांनी सोडला, तेव्हा त्यांच्या साड्या निवडायला मीच गेले होते, आणि दुकानात मी जरा कमी किमतीच्याच बघत होते हेही कबूल करते.

तेव्हा मी काही क्रांतीचा झेंडा घेऊन माहेरी गेले नव्हते. मला फक्त ती पुढची खोली हवी होती. डॉक्टर नाफडे पुढच्या वर्षी दवाखाना बंद करून मुलाकडे जाणार होते. बावन्नाव्या वर्षी मला कोण नोकरी देणार? रस्त्यावरच्या त्या खोलीत ईसीजीचं यंत्र मांडून स्वतःच्या नावाची पाटी लावायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ‘रणजित, हक्क सोडते, पण पुढची एक खोली माझ्या नावावर राहू दे’ हे वाक्य मी एसटीत बसून चार वेळा घोकलं.

जेवण झालं. रणजितनं दस्त माझ्या फोनवर पाठवला. दोन वर्षांपूर्वीच अशा दस्तांची संमती घरबसल्या द्यायची सोय झाली होती, नोंदणी कार्यालयात खेटे नकोत म्हणून. पान उघडलं. वर अण्णांचं नाव, खाली गट नंबर, त्याखाली चौदा कलमं. मी दुसऱ्या कलमावर होते. रणजित शेजारी येऊन बसला आणि लहानपणापासून तो जे म्हणत आलाय तेच म्हणाला.

“ताई, एवढं करतेस ना?”

याच शब्दांवर मी त्याच्या प्रयोगवह्या लिहून दिल्या, अण्णांशी खोटं बोलले, त्याच्या लग्नात माझ्या पाटल्या त्याच्या बायकोच्या, स्मिताच्या हातात घातल्या. मी तोंड उघडलं. “रणजित, एक बोलायचं होतं,” एवढं म्हणेपर्यंत फोन हातात थरथरला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: संमती नोंदली गेली. धन्यवाद.

मी अंगठा उचललाही नव्हता. तेव्हा मला त्रिकोण आठवला. पडद्याच्या तळाला जिथं तो असायचा तिथं मी अंगठा घासत राहिले, आणि तिथं नुसती गुळगुळीत काच होती. रणजितला वाटलं, मी पडदा पुसतेय. “झालं की गं,” तो म्हणाला, आणि स्मिता मोरपंखी साडी घेऊन बाहेर आली. मी ती साडी नेसले, देवापुढं नमस्कार केला, डबाभर आमरस घेऊन घरी आले. त्या साडीचा मला अजून राग आहे.

आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू सोडणारच होतीस, मग फरक काय पडला? साधा प्रश्न होता, पण मला रात्रभर छळत राहिला. सोडणार होते का मी? वाक्य घोकलं होतं हे खरं, पण रणजित ‘नाही’ म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हे मलाच माहीत नव्हतं. ते माहीत व्हायची वेळ आली होती आणि नेमकी तीच वेळ फोननं खाल्ली.

सकाळी उठून पहिलं काम केलं ते त्रिकोण शोधायचं. अर्धा तास पानं उलटूनही सापडेना. बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे गेले, तर तो हसून म्हणाला की काकू, ते आता कुणालाच दाखवत नाहीत. शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात वाट दाखवली: ‘विशेष गरजा’ या पानावर सगळ्यात खाली ‘दिशादर्शक खुणा दाखवा’ अशी ओळ होती. मी ती दाबली, तर वर एक चौकट उघडली. तीत लिहिलं होतं, ‘माझ्या हाताच्या हालचालींवर माझं नियंत्रण नाही, असे मी घोषित करते.’ तिथं टिचकी मारली की त्रिकोण मिळणार.

मी त्या मुलीला विचारलं, ज्याचं नियंत्रण आहे त्याला त्रिकोण हवा असेल तर काय करायचं? ती गोंधळली. असं कुणी मागत नाही मॅडम, म्हणाली. मी म्हटलं, मी मागतेय. तिनं तक्रार क्रमांक दिला. मी ती टिचकी मारली नाही. मारली असती तर त्रिकोण तिथल्या तिथं मिळाला असता, पण स्वतःला पांगळं म्हणवून घेऊन मिळालेलं बटण मला नको होतं.

नियमाप्रमाणे संमतीवर हरकत घ्यायला तीस दिवस होते. हरकत म्हणजे पुरावा हवा. माझ्याकडे पुरावा काय? ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे सांगून कोण ऐकणार?

डॉक्टर नाफडे तसे चिडके, पण त्यांना नवं काही दिसलं की वय विसरतात. मधुमेहाच्या रुग्णांच्या नसा तपासायचं एक यंत्र दवाखान्यात पडून होतं. दुपारी रुग्ण संपल्यावर मी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दोन चकत्या चिकटवल्या, हातात बंद केलेला फोन धरला, आणि डॉक्टरांना एक यादी दिली. त्यांनी एकेक वाक्य वाचायचं. चहा घेणार? पंखा बंद करू? उद्या सुट्टी हवी? रेघ जराशी वर जायची, खाली यायची. मग त्यांनी त्यांच्या घोगऱ्या आवाजात वाचलं, “ताई, एवढं करतेस ना?” रेघ एकदम उसळली. डॉक्टरांचा आवाज असून उसळली.

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या रेघा वाचल्या, आणि माझी स्वतःची रेघ मला सांगत होती की फोन खोटं बोलला नव्हता. माझ्या हातातून ‘हो’ निघाला होता. मी चकत्या ओढून काढायला लागले तर डॉक्टर माझ्यावर ओरडले, थांब, पुढचं बघ. त्यांनी कागद पुढं ओढला. उसळी जिथं टिपेला गेली होती, त्याच्यापुढं पाव सेकंदात रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. सपाट. चहाच्या आणि पंख्याच्या रेघा सावकाश उतरल्या होत्या, ही कापल्यासारखी.

“हे आपोआप होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे तू थांबवलंस.”

मग त्यांनी मला समजावलं आणि मी ते पक्कं डोक्यात बसवलं. मेंदूतून हुकूम निघतो तो बराचसा सवयीनं, आपल्याला विचारूनसुद्धा नाही. पण हुकूम निघाल्यापासून बोट काचेवर टेकेपर्यंत पाव सेकंद, कधी त्याहून थोडा जास्त वेळ जातो. तेवढ्यात माणूस हात आवरू शकतो. शिवी ओठावर येते आणि आपण ती गिळतो, पोरावर हात उगारतो आणि खाली घेतो, ते याच वेळात. जुन्या फोनवर अंगठ्याला काचेपर्यंतचा प्रवास करायला लागायचा, म्हणून हा वेळ माणसाकडे राहायचा. ‘सहज’नं तो प्रवासच काढून टाकला. बटणं लपवली त्याबरोबर हा पाव सेकंदही गेला, आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आम्ही ती तपासणी बावीस वेळा केली. बावीस वेळा रेघ उसळली आणि बावीस वेळा पडली. मी कागद जोडून हरकतीचा अर्ज टाकला.

नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी रणजित घरी आला. चहाला नको म्हणाला, तेव्हाच मी समजले. तो वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना अंघोळ घालायचा तो, मी महिन्यातून दोनदा जायची. त्या जागेवर त्याला गाड्यांचं चार्जिंग स्टेशन काढायचं होतं आणि सगळी नऊ गुंठे जागा त्यात लागणार होती. तो म्हणाला, भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी म्हटलं, मी एक खोली मागणार होते. तो म्हणाला, मग मागायची होतीस.

“तोंड उघडलं होतं मी. तुझ्या फोननं बोलू दिलं नाही.”

“फोननं तुझ्याच मनातलं केलं,” तो म्हणाला. “ताई, आजवर तू मला कधी नाही म्हणालीस? एकदा तरी?”

तो गेल्यावर मी बराच वेळ आठवत बसले. खरंच, एकदाही नाही. आणि मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त संताप आला.

सुनावणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात झाली. तडवी मॅडम नावाच्या अधिकारी होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवून वाचणाऱ्या. रणजित होता, डॉक्टर नाफडे माझ्या बाजूनं आले होते, आणि कंपनीकडून कौशल नावाचा एक तिशीच्या आतला माणूस पुण्याहून आला होता. अतिशय नम्र. त्यानं आमचे कागद वाचले होते आणि तो म्हणाला की दवाखान्यातल्या जुन्या यंत्रावर विसंबायचं कारण नाही, इथंच तपासणी करू. फोन बाईंच्या हातात देऊ, समोर तसाच दस्त उघडू, भाऊ तेच शब्द म्हणतील, आणि फोनला काय दिसतं ते भिंतीवर सगळे बघतील. मॅडमनी मला विचारलं. मी हो म्हटलं. हा ‘हो’ मात्र विचार करून दिलेला होता.

फोन धरला. माझ्या हाताची रेघ समोरच्या भिंतीवर माणसाएवढी मोठी उमटली. रणजितनं माझ्याकडे न बघता म्हटलं, “ताई, एवढं करतेस ना?” मी दात आवळून बसले होते. सगळा जोर लावून हात गार ठेवायचा प्रयत्न करत होते. रेघ उसळली. फोन थरथरला. संमती नोंदली गेली, धन्यवाद.

रणजितनं खाली बघितलं. कौशल हळू आवाजात म्हणाला की बाईंना अपमान वाटू नये, पण यंत्र मनाच्या आत बघतं, आणि मन एकच असतं.

“मॅडम, मी बोलू का?” मी म्हटलं. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. “यंत्र खोटं सांगत नाही. माझ्या हातात ‘हो’ उठतो. बावन्न वर्षं तेवढंच शिकवलंय मला, उठणारच तो. पण त्याच्यापुढची रेघ बघा. ती पडते. ती मी पाडते. ह्या कंपनीवाल्यांना विचारा, त्या पडलेल्या रेघेचं ते काय करतात?”

मॅडमनी चष्मा खाली घेतला आणि कौशलकडे बघितलं. तो जरा अडखळला. काम झाल्यानंतरची वीज नोंदीत धरत नाहीत, म्हणाला. ती गोंगाट समजून गाळली जाते.

“माझा नकार तुम्ही गोंगाट म्हणून गाळला,” मी म्हटलं. “माझी सवय ठेवली आणि मला गाळलं. आणि मला मागं जायचं बटण हवं असेल तर मी लिहून द्यायचं की माझा हात माझ्या ताब्यात नाही. तो ताब्यात आहे हो. तो वापरायला मला पाव सेकंद लागतो, तेवढा द्या. मी काही जास्त मागत नाही.”

तडवी मॅडमनी कौशलला विचारलं, तुमच्या या फोनवर जुन्या खुणा आणता येतात का? तो म्हणाला, येतात, पण धोरण असं की... मॅडम म्हणाल्या, धोरण राहू द्या, आणा. त्यानं आपल्या संगणकावर दोन-तीन कळा दाबल्या. काचेच्या तळाला त्रिकोण, गोल आणि चौकोन उमटले, आणि दस्ताखाली ‘संमती’ असं एक बटण आलं. याला दोन सेकंद लागले. मी एक महिना ज्याच्यासाठी वणवण केली, त्याला दोन सेकंद. मॅडमनी सांगितलं, आता अंगठा काचेला टेकेल तेव्हाच धरायचं. पुन्हा करा.

रणजितनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत तो सातवीतला रणजित होता, वही पुढं करून उभा. रेघ उसळली. भिंतीवर आधीच्या रेघेशेजारी अगदी तशीच, तेवढीच उंच. माझा अंगठा हलला. तो ‘संमती’कडे निघाला, मी त्याला जाताना बघितलं. काचेच्या वर बोटभर अंतरावर तो थांबला. मला वाटलं होतं थांबवणं फार अवघड जाईल. तेवढं अवघड नव्हतं, फक्त तसं कधी केलेलं नव्हतं. मग मी अंगठा डावीकडे नेला आणि त्रिकोण दाबला. दस्ताचं पान मागं गेलं.

मॅडमनी दोन्ही रेघा शेजारीशेजारी छापून घेतल्या आणि निकाल तिथंच तोंडी सांगितला. तीच बाई, तेच वाक्य, तीच उसळी, आणि एकाच फोनवर दोन उत्तरं. तेव्हा पहिलं उत्तर बाईंचं धरता येत नाही, संमती रद्द. कंपनीला वर कळवते, म्हणाल्या. कौशलनं नम्रपणे मान हलवली आणि तारा गुंडाळायला घेतल्या. जाताना मॅडम रणजितला म्हणाल्या की बहीण समोर बसलीय, अजून हक्क सोडायचा असेल तर आत्ता कागदावर सोडू शकते, तुम्ही विचारा.

रणजित उठून माझ्यासमोर आला. चेहरा उतरला होता. मला वाटलं तो रागावून निघून जाईल, पण त्यानं विचारलं.

“ताई, जागा सोडशील का मला?”

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. माझ्या हातात फोन नव्हता, पण अंगठ्याच्या मुळाशी ती ओळखीची वीज खेळली, मला स्पष्ट कळली. मी ती पडेपर्यंत वाट बघितली. खोली मागावी का, असंही मनात येऊन गेलं. पण एकदा विचार करायला वेळ मिळाल्यावर मला कळलं की मला खोली नको होती. मला माझं हवं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “साडेचार गुंठे माझे आहेत. ते मी घेणार.”

“मग माहेर संपलं असं समज.”

“संपेल कसं? निम्मं माझ्या नावावर आहे. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी मी तिथं येणार. माझ्या जागेत मला कोण अडवतं ते बघते.”

डॉक्टर नाफडे खिडकीबाहेर बघत होते. रणजित फाईल उचलून निघून गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, भरपूर रडले, कारण भाऊ एकच होता. पण रडतानाही मला शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

दिवाळीच्या आधी मोजणी लागली. भूमापक आणि त्याची दोन माणसं सकाळी आठलाच गिरणीपाशी आली. मी मोरपंखी सोडून दुसरी साडी नेसून गेले होते. रणजित शेडच्या सावलीत हाताची घडी घालून उभा होता. चार महिने आम्ही बोललो नव्हतो. भूमापकानं यंत्र लावलं, आकडे बघितले आणि रस्त्याकडून शेडकडे चुन्याची सरळ रेघ ओढत नेली. गिरणी रणजितकडे राहिली, पुढची खोली आणि तिच्यामागची मोकळी जागा माझ्याकडे आली. रेघेच्या टोकाला त्यानं लोखंडी खुंटी टेकवली, त्याच्या माणसानं घण हातात घेतला.

नियमानं विचारायचं ते त्यानं विचारलं. कुणा सहहिस्सेदाराची हरकत आहे का? हरकत घेतली तर खुंटी ठोकायची नाही, प्रकरण पुन्हा वर जाणार, आणखी वर्षभर लोंबकळणार. माझी नाही, मी म्हटलं. मग त्यानं रणजितला विचारलं.

रणजित खुंटीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, मिटले. हाताची घडी सुटली. हे मी ओळखत होते. तोंडाशी आलेला शब्द आणि माणूस यांच्यात जे काही चालतं ते त्याच्यात चाललं होतं. आत काय उसळलं होतं आणि काय पडणार होतं, ते कुठल्याही पट्ट्यांवर उमटत नव्हतं. घणवाला अवघडला. भूमापकानं घड्याळ बघितलं आणि पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

मी त्याला हातानं थांबवलं. “घाई करू नका,” मी म्हटलं. “त्याला विचार करू द्या.”